मावशीचा कागद आणि उन्हाळ्याचा सदरा



उन्हाळा आला की घराघरांतून एक तक्रार ऐकू येते : अंगावर कपडा नकोसा होतो. पण कपडा तर घालायलाच हवा. मग तो असा हवा की अंगावर आहे हे कळूच नये. आज मी आपल्याला अशा एका सदऱ्याविषयी सांगणार आहे. तो नवा नाही. माझ्या मावशीने कापून ठेवलेल्या एका खाकी कागदावरून मी तो शिवला. कागद आणि कात्री जवळ असेल तर ऐकता ऐकता आकडे टिपून घ्या. शिक्षक-शिक्षिकांना विशेष विनंती, कारण यातलं बरंचसं वर्गात करून दाखवण्यासारखं आहे.

आधी हे सांगते की सदऱ्याची गरज कशी पडली. आम्ही मुलुंडला राहतो. आईने ऐंशी ओलांडली आणि गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा आखडला. हात कोपरापर्यंत उचलला जाई, पुढे नाही. पोलकं घालणं म्हणजे रोजची शिक्षा झाली. बाजारातून दोन तयार गाऊन आणले. दिसायला छान, पण कापड सुती नव्हतं. चार दिवसांत पाठीवर आणि काखेत घामोळं आलं. शिवाय ते डोक्यावरून घालायचे. आई मला म्हणाली, "अगं, मला हात वर करायला लावणारं काही नको. पुढून उघडणारं, साधं, परकरावर घालता येईल असं काही शिवून दे. शिवण शिकवतेस ना लोकांच्या पोरींना!"

टोमणा बरोबर होता. मी कपाट उघडलं.

माझी मावशी मुलुंडच्याच एका चाळीत शिवणाचा वर्ग चालवीत असे. १९५७ साली मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं, त्याच्या आगेमागे तिचा वर्ग सुरू झाला होता. ती प्रत्येक कपड्याचा नमुना आधी खाकी कागदावर कापायची, मगच कापडाला कात्री लावायची. तिच्या मागे ते कागद माझ्याकडे आले. त्यांतल्या एका गुंडाळीवर तिच्या अक्षरात एवढंच होतं : "सदरा, उन्हाळी. छा. ३४. पन्हा ३६. पावणेदोन वार." आत चार तुकडे. एक लांब पट्टा, एक आयत, एक पाचर आणि एक लहानसा चौकोन.

मुंढ्याचा गोलावा नाही, खांद्याचा उतार नाही. हल्लीच्या पोरींना हा कागद दाखवला तर त्या म्हणतील, बाई, यात सदरा कुठे आहे? पण आपली पैरण, जुना कुडता, यांचा बेत असाच असे. युरोपातसुद्धा एकोणिसाव्या शतकापर्यंत पुरुषांचे सदरे आयत आणि चौकोन जोडूनच शिवत. कारण उघड आहे. हातमागावरचं कापड अरुंद असे आणि कष्टाने तयार होई. त्यातली चिंधीसुद्धा वाया घालवणं कुणाला परवडत नसे. सरळ रेषेत कापलं की एका तुकड्याची कड दुसऱ्या तुकड्याची कड होते. मध्ये काही उरतच नाही. गोल कापलं की तुकड्या-तुकड्यांमध्ये चिंध्या पडतात.

छापील, मापावार कागदी नमुने बाजारात आले ते १८६३ साली, अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने ते काढले. आयझॅक सिंगरने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं होतं १८५१ साली. म्हणजे आधी यंत्र घरात आलं आणि मग त्याला खाऊ घालायला कागद आले. गांधीजींचा यंत्रांना विरोध होता असं आपण म्हणतो, पण १९२४ साली एका तरुणाशी झालेल्या संवादात त्यांनी सिंगरच्या यंत्राला अपवाद ठरवलं होतं. बायकोचे कष्ट बघून एका माणसाने ते केलं, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. माझ्या मावशीला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तिच्या पायाखाली मात्र दिवसभर पायटा हलत असे.

आता मुद्द्याकडे येते. जुना कागद हाती लागला की पहिला प्रश्न : त्यावरचा आकडा कशाचा? "छाती ३४" म्हणजे अंगाचं माप ३४ इंच, की तयार सदऱ्याचा घेर ३४ इंच? दुसरा प्रश्न : कागदात शिलाईची माया धरली आहे की नाही? (शिलाईसाठी जास्तीचं ठेवलेलं कापड, त्याला आपले शिंपी माया म्हणतात. शब्द ज्याने योजला त्याला नमस्कार. पुढेमागे कपडा तंग झाला की ती मायाच उपयोगी पडते.) हे दोन प्रश्न न सोडवता कात्री चालवली तर कापड गेलं. कापलेलं कापड काही पुन्हा जुळत नाही.

उत्तर कागदावरच असतं, शोधावं लागतं. मावशीच्या कागदाच्या कडेपासून अर्धा इंच आत बारीक भोकांची एक रांग होती. दातेरी चक्र फिरवून पाडलेली. म्हणजे कड ही कापायची रेघ, भोकं ही शिवायची रेघ. माया कागदात धरलेली होती. मग मी पट्टी घेऊन भोकांपासून भोकांपर्यंत मोजलं. मधला पट्टा साडेतेरा इंच, पुढचा आणि मागचा मिळून २७. छातीच्या रेघेवर चार पाचरींचे मिळून सुमारे ६ इंच, आणि काखेतले दोन चौकोन तिथे जितके रुंद असतात ते सुमारे पावणेसहा. बेरीज झाली जवळजवळ ३९. तेव्हा ३४ हे अंगाचं माप, आणि सदरा त्याहून ५ इंच सैल. उन्हाळ्याचा सदरा एवढा सैल हवाच. अंग आणि कपडा यांच्यामध्ये हवेला वाट राहते, घाम वाळतो.

मापाचं एक आणखी. मावशीचा काळ वार आणि इंचांचा; तिच्याही आधीचे शिंपी तसूंत मोजत, २४ तसूंचा एक गज. १९५६ च्या कायद्याने आपण मीटर स्वीकारला. एक वार म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर, एक इंच म्हणजे २.५४. मी सगळे आकडे सेंटीमीटरमध्ये उतरवून घेतले आणि मूळ कागदावर न लिहिता नव्या कागदावर लिहिले. जुन्या कागदाला पेन्सिल लावायची नाही. त्यावरून रेघ मारून नवा कागद कापायचा आणि कात्री त्या नव्यावर.

आईची छाती ९० सेंटीमीटर भरली. कागद होता ३४ इंचांचा, म्हणजे ८६. चार सेंटीमीटर वाढवायचे कुठे? नवशिके मधला पट्टा रुंद करतात. ते चूक. छाती भरली म्हणून खांदे रुंद होत नाहीत. पट्टा वाढवला की खांदा दंडावर ओघळतो. वाढ पाचरीत द्यायची. आपण तिला कळी म्हणतो. कळ्या चार, प्रत्येकीत एक सेंटीमीटर, झाले चार.

आता आकडे सांगते, लिहून घ्या. सगळीकडे माया १ सेंटीमीटर धरली आहे.

मधला पट्टा : रुंदी ३७, लांबी १५०. हा खांद्यावर दुमडतो, म्हणून पुढे ७५ आणि मागे ७५. खांद्याला शिवणच नाही. बाह्या दोन : प्रत्येकी ३६ रुंद, ३३ लांब. कळ्यांसाठी दोन आयत : प्रत्येकी २४ रुंद, ६० लांब. काखेचे चौकोन दोन : १२ बाय १२. पुढच्या उघड्या भागासाठी दोन पट्ट्या : ६ रुंद, ७५ लांब. उरलेल्यात एक खिसा.

९० सेंटीमीटर पन्ह्याच्या कापडात हे सगळं दीड मीटरमध्ये बसतं. पट्टा एका काठाला लावून उभा घेतला की शेजारी ५३ सेंटीमीटर उरतात. त्यात कळ्यांचे दोन आयत शेजारी-शेजारी, त्यांच्याखाली बाह्या एकाखाली एक, बाह्यांच्या कडेने पट्ट्या, आणि तळाच्या तुकड्यात चौकोन आणि खिसा. करून बघा, कोड्यासारखं जुळतं. तरी पावणेदोन मीटर आणा, कारण नवं सुती कापड धुतलं की आटतं. कोरं कापड आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजत घाला, खळ निघून जाऊ द्या, पिळू नका, सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. हे काम कंटाळ्याचं आहे आणि सगळे ते टाळतात. मीही एकदा टाळलं होतं. पहिल्या धुण्यानंतर तो कुडता माझ्याऐवजी भाचीला झाला.

कळीची गंमत वर्गात जरूर दाखवा. २४ रुंदीचा आयत घ्या. वरच्या कडेवर डावीकडून ६ सेंटीमीटरवर खूण करा, खालच्या कडेवर डावीकडून १८ वर. दोन्ही खुणा तिरप्या रेघेने जोडा आणि कापा. डावा तुकडा वर ६, खाली १८. उजवा तुकडा वर १८, खाली ६. तो उलटा फिरवला की डाव्याचा जुळा. चिंधी नाही. मुलांना विचारा, वर ५ आणि खाली १६ ची कळी हवी असेल तर आयत किती रुंद घ्यावा? भूमितीचा तास असाही होतो. वर्तमानपत्रावर आधी करून घ्या. एक सावधगिरी : कापडावर वेलबुट्टी एकाच दिशेने छापलेली असेल तर उलटलेल्या कळीवरची फुलं खाली डोकं वर पाय होतील. साधं, चौकड्याचं किंवा उभ्या रेघांचं कापड बरं.

आता तो लहान चौकोन. खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा तो गाळला. वाटलं, बाही सैल आहे, कशाला हवी ही कटकट. जुन्या चादरीचा एक कच्चा सदरा चौकोनाशिवाय शिवला आणि आईला घालून पाहिला. तिने पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला आणि अख्खा सदरा बाहीबरोबर वर ओढला गेला. खांदा दुखला. "हे काय शिवलंस?" म्हणाली. तेव्हा कळलं. हात उचलला की काखेपासून कमरेपर्यंतचं अंतर वाढतं, आणि सरळ रेषेत जोडलेल्या बाहीत ते जास्तीचं कापड नसतं. चौकोन तिथे तिरपा बसतो. सुती कापड उभ्या-आडव्या धाग्यांत ताणत नाही, पण तिरपं ताणतं. त्या दहा-बारा सेंटीमीटरच्या तुकड्यामुळे हात फिरायला मोकळा होतो आणि सदरा जागच्या जागी राहतो. ज्यांना शेतात, विहिरीवर, फळ्यावर हात उचलावा लागतो त्यांच्यासाठीही हेच.

शिवायचा क्रम असा. पुढच्या अर्ध्या पट्ट्याला मधोमध उभा छेद द्या, खांद्याच्या दुमडीपर्यंत. गळा कापताना हात आखडता ठेवा : दुमडीपासून मागे २ सेंटीमीटर खोल, पुढे ८, आणि मध्यापासून दोन्ही बाजूंना ७. माया दुमडली की गळा आपोआप एक सेंटीमीटर मोठा होतो. लहान गळा मोठा करता येतो, मोठा लहान करता येत नाही. छेदाच्या दोन्ही कडांना पट्ट्या लावा. दुमडून त्या २ सेंटीमीटरच्या होतात आणि एकीवर दुसरी बसली की छेदात गेलेली माया बरोबर भरून निघते. गळ्याला तिरपी पट्टी लावा.

मग बाही. तिचा मध्य खांद्याच्या दुमडीवर ठेवून पट्ट्याच्या कडेला जोडा. पुढे १७ आणि मागे १७ सेंटीमीटर. तिच्याखाली कळी. कळीची तिरपी कड पट्ट्याच्या सरळ कडेला जोडायची, उलट नाही. तिरपी कड लोंबते; सरळ कडेशी बांधली की तिला आवर बसतो. आणि बाजूच्या शिवणीत मग सरळ कडा एकमेकींना भेटतात. कळीचा अरुंद माथा शिवल्यावर ४ सेंटीमीटरचा उरतो, तो बाहीच्या खालच्या कडेला बसतो. तिथून पुढे चौकोन सुरू होतो : त्याच्या दोन कडा बाहीला, दोन कळ्यांना.

चौकोन बसवताना हाताने शिवा, यंत्राचा हट्ट नको. चारी बाजूंनी १ सेंटीमीटर आत पेन्सिलीने रेघ मारा. शिवण रेघांच्या छेदापर्यंतच न्या, कापडाच्या टोकापर्यंत नाही. तिथे दोरा पक्का करा, कापड फिरवा, दुसरी कड सुरू करा. टोकापर्यंत शिवलं तर कोपऱ्याला चुणी पडते, आणि ती नेमकी काखेत टोचते. त्यानंतर बाहीच्या कडेपासून काखेतून घेरापर्यंत एकच सलग शिवण. आतली माया उघडी सोडू नका. ती दुमडून चपटी शिवा, म्हणजे घामोळ्यावर घासत नाही. खालचा घेर लगेच मुडपू नका. सदरा एक रात्र खुंटीला टांगून ठेवा. कळ्या जेवढ्या लोंबायच्या तेवढ्या लोंबतील, मग सकाळी खालची कड सारखी कापून मुडपा.

तयार सदरा आईच्या छातीवर सुमारे १०४ सेंटीमीटर भरला. म्हणजे १४ सेंटीमीटर सैल. घेर १३४.

कापड कोणतं घ्यावं, हे गावावर अवलंबून आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, या आमच्या बाजूला मे महिन्यात पारा ३३-३४ च्या आसपास असतो, पण हवेत समुद्राचं पाणी. घाम वाळतच नाही. इथे पातळ, विरळ विणीचं कापड हवं : मलमल, वायल, किंवा हलकी खादी. बाही कोपरापर्यंत पुरे. विदर्भात अकोला-चंद्रपूरला पारा ४५ च्या घरात जातो, आणि हवा कोरडी. तिथे घाम चटकन वाळतो, पण ऊन चावतं, लू लागते. तिथल्या बहिणींनी कापड जरा घट्ट विणीचं घ्यावं आणि बाही मनगटापर्यंत. त्यासाठी बाह्यांचे आयत तेवढे ३३ ऐवजी ५५ लांब कापा आणि कापड अर्धा मीटर जास्त आणा. बाकी बेत तोच.

खादीचं नाव घेतलं म्हणून सांगते. आमच्या उपनगरांचा तिच्याशी जुना संबंध आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पार्ल्याला होती, जमनालाल बजाज तिच्या पुढाऱ्यांत होते. १९५६ च्या कायद्याने खादी आणि ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला, आणि त्याचं मुख्य कार्यालय त्याच पार्ल्याला इर्ला रस्त्यावर आहे. खादीचा पन्हा मात्र सगळीकडे सारखा मिळत नाही. अरुंद मिळाली तरी या बेताचं अडत नाही, फक्त लांबी जास्त लागते. घेण्याआधी कागदाचे तुकडे जमिनीवर पन्ह्याएवढ्या जागेत मांडून पाहा आणि मगच दुकानात जा.

ज्या शाळांत कार्यानुभवाचा किंवा शिवणाचा तास आहे आणि यंत्र नाही, तिथे हा सदरा पूर्ण हाताने होतो. धावदोऱ्याने जोडायचं आणि दर चार टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्यायचा, म्हणजे शिवण उसवत नाही. चाळीस मुलांना एवढं कापड कुठून आणणार, असं गुरुजी म्हणतील. तर सगळी मापं चारने भागा आणि बाहुलीचा सदरा शिवून घ्या. पट्टा सव्वानऊ सेंटीमीटरचा होईल, चौकोन ३ चा. माया मात्र चारने भागू नका, नाहीतर बोटात धरायला काही उरणार नाही. अर्धा सेंटीमीटर ठेवा. मुलग्यांनाही शिवू द्या. कात्री हातात आली की तेच आधी पुढे येतात, असा माझा अनुभव आहे.

आईचा पहिला सदरा मांजरपाटाचा होता, दुसरा फिकट निळ्या मलमलीचा. पहिल्याला मी बटणं लहान लावली, ती तिला डाव्या हाताने लावता येईनात. दुसऱ्याला मोठी चपटी लावली आणि काजं उभी केली, पट्टीच्या लांबीतून. आता तिची ती लावते. घामोळं गेलं. खांदा अजून पुरता सुटलेला नाही, व्यायाम चालू आहे.

आपल्या घरी कुणाचे असे जुने कागद असतील तर ते घडी घालून ठेवू नका, घडीवर फाटतात. गुंडाळून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून, आत वेखंडाचा तुकडा टाकून ठेवा, म्हणजे कसर लागत नाही. आणि कापण्याआधी भोकांची रांग शोधा. ती नसेल तर माया धरलेली नाही असं समजून चारी बाजूंनी एक सेंटीमीटर जास्त ठेवा.